कानामागचे यंत्र आणि घरातील भाषा

जन्मत: बहिऱ्या असलेल्या बालकावर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया झाली, की तिचे वृत्त मोठ्या कौतुकाने छापून येते. छायाचित्रात मूल असते, त्याचे आईवडील असतात, शल्यचिकित्सक असतात आणि पुष्कळदा एखादे मंत्रीही असतात. वाचणाऱ्याची समजूत अशी होते, की त्या मुलाच्या बहिरेपणाचा प्रश्न मिटला. ही समजूत सद्भावनेतून आलेली असली, तरी ती या मुलांचे नुकसान करणारी आहे. शस्त्रक्रियेने ध्वनी मेंदूपर्यंत पोचण्याची सोय होते. त्या ध्वनीचा अर्थ लावणे आणि स्वत: बोलणे हे त्यानंतर कित्येक वर्षे, मुख्यत: घरात चालणारे शिक्षण आहे. त्या शिक्षणाचा भार आपल्याकडे बहुतांशी एकट्या आईवर पडतो, ही या विषयातील खरी उणीव होय.

या यंत्राचे कार्य समजून घेतले, म्हणजे असे का होते ते कळते. कानामागे बसवलेला प्रोसेसर मायक्रोफोनने टिपलेल्या ध्वनीचे पृथक्करण करतो. डोक्यावर चुंबकाने चिकटणारी चकती तो संदेश त्वचेखालील भागाकडे पाठवते आणि अंत:कर्णातील शंखाकृती नलिकेत सरकवलेल्या तारेवरील इलेक्ट्रोड श्रवणाच्या मज्जातंतूला विजेची सूक्ष्म स्पंदने देतात. निसर्गाने हजारो रोमपेशींकडे सोपवलेले काम येथे बारा ते बावीस इलेक्ट्रोडांना करावे लागते. विल्यम हाऊस यांनी १९६१ साली लॉस एंजल्स येथे आणि अनेक इलेक्ट्रोडांचे यंत्र घेऊन ग्रॅहम क्लार्क यांनी १९७८ साली मेलबर्न येथे केलेल्या शस्त्रक्रियांपासून ही विद्या वाढत गेली. १९९० साली अमेरिकेत दोन वर्षांवरील मुलांसाठी अशा यंत्रास मान्यता मिळाली. वैद्यकाची ही कामगिरी असामान्य आहे, यात शंका नाही. तथापि या यंत्रातून येणारा ध्वनी नैसर्गिक श्रवणासारखा नसतो, आणि आंघोळीच्या वा झोपेच्या वेळी प्रोसेसर काढून ठेवला, की मूल पुन्हा नि:शब्दतेत जाते. बहिरेपण नाहीसे झालेले नसते, एवढे तरी सर्वांनी ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरा प्रश्न काळाचा आहे. श्रवणाचा अनुभवच मिळाला नाही, तर मेंदूतील श्रवणकेंद्राची वाढ नीट होत नाही. अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले, की साडेतीन वर्षांच्या आत यंत्र बसवलेल्या मुलांच्या मेंदूचा ध्वनीला मिळणारा प्रतिसाद काही महिन्यांतच ऐकू येणाऱ्या समवयस्कांच्या पातळीस येतो. सात वर्षांनंतर यंत्र बसवलेल्या बहुतेक मुलांत तसे होत नाही. आपल्या घरांत मात्र मूल बोलत नसले, तर ‘त्याचे वडीलही उशिराच बोलले’ असे सांगून दिवस काढले जातात. पाठीमागे थाळी वाजवली आणि मूल वळले, की सर्वांचे समाधान होते. वस्तुत: ते जमिनीच्या कंपनाने किंवा भिंतीवरच्या सावलीने वळलेले असू शकते. जन्मानंतर एक महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपाययोजनेस प्रारंभ, हे सूत्र आता सर्वत्र मान्य झाले आहे. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. तरीही प्रत्येक प्रसूतिगृहातून बाहेर पडणाऱ्या बालकाची श्रवणचाचणी झालेलीच असते, असे म्हणता येत नाही.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी यंत्र सुरू केले जाते. त्या क्षणी मूल हसेल, अशी अपेक्षा असते. पुष्कळदा ते घाबरून रडते. त्यानंतर प्रतीक्षेचा काळ येतो. ऐकू येणारे बालकही सुमारे वर्षभर नुसते ऐकते आणि मग पहिला शब्द उच्चारते. अडीच वर्षांच्या मुलाला यंत्र मिळाले, तर त्याच्या श्रवणाचे वय त्या दिवशी शून्य असते. शेजारी ‘एवढा खर्च केला, अजून बोलत कसे नाही?’ असे विचारू लागतात, तेव्हा मूल आपले काम रीतसर करीत असते. फक्त ते काम दिसत नाही.

या काळात घराने काय करावयाचे? सकाळी यंत्र लावल्यावर आ, ऊ, ई, म, श, स हे सहा ध्वनी मुलाला ओठ दिसू न देता ऐकवून ते त्याला कळतात की नाही, हे पाहावयाचे. जागेपणी यंत्र कानावरून उतरू द्यावयाचे नाही. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, दिवा लावताना प्रत्येक कृती बोलून करावयाची, आणि मुलाच्या उत्तरासाठी थांबावयाचे. मराठीचे व्याकरण शब्दाच्या शेवटी असते: घरात, घराला, घराचा, आला, आली, आले. हे प्रत्यय बोलण्याच्या ओघात हलकेच उच्चारले जातात आणि म्हणून या मुलांच्या हातून निसटतात. ऐकू येणारी मुले निम्मी भाषा सहज ‘कानावर पडून’ शिकतात. मोठ्यांचे आपसातील बोलणे, पडवीतील भांडण, शेजारची हाक या मुलांच्या कानावर तसे पडत नाही. ते मुद्दाम घालावे लागते. दूरदर्शनचा संच दिवसभर चालू असलेल्या घरात तर हे काम दुप्पट कठीण होते.

हे बोलणे कोणत्या भाषेत असावे, याविषयीही गोंधळ आहे. पुढे शाळा इंग्रजी माध्यमाची म्हणून घरी मोडके इंग्रजी बोलणारे पालक मुलाला समृद्ध भाषेला मुकवतात. आई ज्या भाषेत अंगाई गाते आणि ज्या भाषेत रागावते, तीच मुलाची पहिली भाषा होऊ शकते. मग ती अहिराणी असो, वऱ्हाडी असो की मालवणी. खुणांची भाषाही शत्रू समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९१ साली मुलांवरील या शस्त्रक्रियांना विरोध केला होता. २००० साली तिने आपली भूमिका सौम्य केली. तिच्या आग्रहातील एक सत्य आजही कायम आहे: कोणतीच भाषा न मिळणे ही मुलाची सर्वांत मोठी हानी होय. यंत्राचा लाभ सर्वांना सारखा होत नाही. ज्यांना तो कमी होतो, त्यांच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषेचे दार प्रारंभापासून उघडे असले पाहिजे.

आता शासनाच्या कर्तव्याकडे वळावयास हवे. केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेत २०१४ साली या यंत्राचा समावेश झाला आणि मुलामागे सहा लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद करण्यात आली. मुंबईची अली यावर जंग संस्था या कामातील मध्यवर्ती संस्था आहे. गरिबांच्या मुलांना एरवी स्वप्नातही न परवडणारे यंत्र यामुळे मिळू लागले, हे श्रेय नि:संकोच दिले पाहिजे. शस्त्रक्रियेनंतरच्या प्रशिक्षणाचाही या योजनेत विचार आहे. परंतु मुलाची गरज योजनेच्या मुदतीबरोबर संपत नाही. तार तुटते, चकती बिघडते, कोकणच्या पावसाळ्यात दमट हवेने प्रोसेसर बंद पडतो, आणि काही वर्षांनी तो बदलावाच लागतो. हमीची मुदत उलटल्यावर हा खर्च मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाने कोठून करावा? यंत्र पेटीत पडले, तर सहा लाख रुपये आणि मुलाची अमोल वर्षे दोन्ही वाया जातात. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या खेड्यातून प्रशिक्षणासाठी वारंवार शहरात यावयाचे, तर आईचा रोज बुडतो. त्याचा हिशेब कोणत्याही कागदावर मांडला जात नाही.

यासाठी अद्भुत असे काही करावयाचे नाही. प्रत्येक प्रसूतिगृहात श्रवणचाचणी सक्तीची करावी. सुटे भाग आणि नवा प्रोसेसर यांचा खर्च मूल शाळा संपवीपर्यंत योजनेतच धरावा. जिल्हा रुग्णालयात श्रवणतज्ज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांची पदे निर्माण करून ती भरलेली ठेवावीत. आईला प्रवासखर्च आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी. शिक्षकांचा वाटा याहून सोपा आहे: अशा मुलाला पुढच्या बाकावर बसवावे, फळ्याकडे तोंड करून बोलू नये, वर्गातील गोंगाट आवरावा, आणि मूल ‘काय?’ म्हणाले तर न रागावता वाक्य पुन्हा सांगावे.

मुंबईत १८८५ साली बधिरांची शाळा निघाली, तेव्हा या मुलांना शिकवता येते, हेच समाजाला पटवून द्यावे लागले होते. आज ते पटवून द्यावे लागत नाही; उलट, यंत्र मिळाल्यावर शिकवण्याची गरजच उरत नाही, असा नवा भ्रम निर्माण झाला आहे. पहिल्या भ्रमाने मुलांच्या पिढ्या वाया घालवल्या. दुसऱ्यानेही तेच होऊ द्यावयाचे नसेल, तर शासनाने आपल्या यशाची मोजदाद झालेल्या शस्त्रक्रियांच्या संख्येने न करता, पाच वर्षांनी त्यांपैकी किती मुले आपल्या घरच्या भाषेत भांडू, विचारू आणि सांगू शकतात, या हिशेबाने केली पाहिजे.