रंगीत आफ्रिकन मासे : निवडताना काय पाहावे?



घरात मासे पाळण्याची हौस चाळीतल्या खोलीपासून फ्लॅटपर्यंत सगळीकडे दिसते. गप्पी, मॉली, गोल्डफिश झाले की मुलांची नजर दुकानातल्या एका टाकीवर खिळते. पिवळे, निळे, केशरी, पट्ट्यापट्ट्यांचे मासे तिथे दाटीने फिरत असतात आणि काचेवर चिठ्ठी असते, ‘मिक्स आफ्रिकन’. रंग समुद्रातल्या माशांसारखे, पण पाणी गोडे. मुले हट्ट धरतात, आपणही विरघळतो आणि ‘हा एक, तो एक’ करत पिशवी भरते. काही महिन्यांत टाकीत एक धष्टपुष्ट दांडगा मासा उरतो. बाकीचे फाटक्या शेपट्या घेऊन कोपऱ्यात दडलेले असतात किंवा मेलेले असतात. घरचे म्हणतात, पाणी लागले नाही. पुष्कळदा पाण्याचा दोष नसतो, निवड चुकलेली असते. म्हणून आज मुख्यतः निवडीविषयीच लिहीत आहोत.

हे मासे कुठले?

या कुळाचे नाव सिक्लिड. हे कूळ आपल्याला अगदी परके नाही. गोव्यात आवडीने खातात ते कालुंदर याच कुळातले. उजनीच्या पाण्यात मिळणारी चिलापी, म्हणजे तिलापिया, हीसुद्धा आफ्रिकेतून आलेली सिक्लिडच.

दुकानातले लहान रंगीत मासे बहुतांशी पूर्व आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे असतात. हे सरोवर सुमारे ५८० किलोमीटर लांब आणि ७०० मीटर खोल आहे. मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांच्या सीमा त्याला लागतात. त्याच्या दक्षिण भागातल्या राष्ट्रीय उद्यानाला युनेस्कोने १९८४ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला. सरोवराच्या खडकाळ काठाला राहणाऱ्या माशांना तिथले टोंगा लोक ‘म्बुना’ म्हणतात. म्बुना खडकावरचे शेवाळ खरवडून खातात आणि कपारीत घर करतात. नर आपल्या कपारीभोवतीची जागा राखतो व दुसऱ्याला तिथून हुसकावतो. हा स्वभाव घरच्या टाकीतही जात नाही. तो ध्यानात ठेवला की निवडीचे निम्मे काम झाले.

आधी टाकीचा हिशेब

मासे पाहण्याआधी टाकी मोजावी. चार फूट लांब, सव्वा फूट रुंद व दीड फूट उंच अशी टाकी मध्यम आकाराची म्हणता येईल. तिचे माप साडेसात घनफूट. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटर पाणी मावते, म्हणजे टाकी काठोकाठ भरली तर सुमारे २१२ लिटर. वरची मोकळी जागा व दगड वजा केले की १७५ ते १८० लिटर उरते. काच, पाणी आणि दगड मिळून वजन पावणेतीनशे किलोच्या पुढे जाते. तेव्हा लाकडी टेबलाच्या भरवशावर राहू नये, लोखंडी स्टँड करून घ्यावा.

या माशांना उंचीपेक्षा तळाची लांबी महत्त्वाची असते. त्यांची भांडणे तळावरच्या जागेवरून होतात. तेवढ्याच पाण्याची उंच आणि आखूड टाकी दिसायला ऐटदार असेल, पण या माशांच्या कामाची नाही. घरात दोन फुटांचीच टाकी असेल तर म्बुनांचा नाद सोडावा. त्याऐवजी टांगानिका सरोवरातले शंखात राहणारे इवलेसे सिक्लिड पाळावेत. त्यांना रंग बेताचा, पण कौतुक मोठे.

आमची निवड

चार फुटी टाकीसाठी, प्रथमच पाळणाऱ्यांना आम्ही तीन जाती सुचवू.

पहिली ‘यलो लॅब’. अंग लिंबासारखे पिवळे, वरच्या परावर काळी किनार, लांबी साधारण चार इंच. म्बुनांमध्ये हा मासा सौम्य गणला जातो. सरोवरात या जातीचे बहुतेक मासे पांढरट-निळसर असतात, पिवळा प्रकार काठाच्या ठरावीक पट्ट्यातच आढळतो. नर-मादी दोघेही पिवळे असल्यामुळे सगळी टाकी खुलून दिसते.

दुसरी ‘रस्टी’, म्हणजे गंजाच्या रंगाची. तांबूस तपकिरी अंगावर जांभळी झाक असते. दुकानाच्या भगभगीत दिव्याखाली ही फिकी दिसते म्हणून लोक पुढे जातात. घरी महिनाभर स्थिरावली की तिची झळाळी कळते. हीसुद्धा तीन-चार इंचांचीच आणि शांत. यलो लॅबशेजारी हिचा रंग छान उठून दिसतो.

तिसरी ‘सौलोसी’. मोठा नर निळा, त्यावर काळे उभे पट्टे, आणि माद्या पिवळ्या-केशरी. एकाच जातीत दोन रंग मिळतात. आकार तीन इंचांच्या आसपास. मात्र यांना यलो लॅबबरोबर ठेवू नये. दोन्हींत पिवळा रंग असल्याने संकर होण्याचा धोका असतो. सौलोसी पाळायचे तर टाकी त्यांचीच ठेवावी.

सौलोसीबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. निसर्गात हा मासा चिझुमुलू बेटाजवळच्या एका लहानशा खडकाळ भागातच आहे. हौशी लोकांसाठी तो इतका पकडला गेला की आज त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते. म्हणून टाकीतच पैदास झालेली पिल्ले मागून घ्यावीत आणि आपल्या घरी त्यांची शुद्ध पैदास राखावी.

पिल्लाच्या रंगाला भुलू नका

‘ऑरेटस’चे पिल्लू पिवळेजर्द, अंगावर काळे पट्टे, कोणाचेही मन जावे असे. पण नर मोठा झाला की काळपट होतो आणि सगळ्या टाकीचा छळ करतो. ‘केनयी’चे पिल्लू निळे म्हणून घ्यावे, तर मोठा नर पिवळा होतो आणि तोही तसाच मारकुटा निघतो. ‘डेमासोनी’ हा गडद निळ्या पट्ट्यांचा मासा जेमतेम तीन इंचांचा, पण आपल्याच जातभाईंवर तुटून पडतो. डझनाहून अधिक संख्येत ठेवले तरच तो नीट राहतो. अनुभव आल्यावर त्याचा विचार करावा. ‘व्हीनस्टस’ बोटाएवढा विकतात, पण तो दहा इंचांपर्यंत जातो. ‘पीकॉक’ सुंदर खरा, परंतु म्बुनांच्या धसमुसळेपणात दबतो. त्याची बोटाच्या पेराएवढी पिल्लेही झगझगीत रंगाची दिसली तर सावध व्हावे. रंग लवकर यावा म्हणून त्यांना संप्रेरके दिलेली असण्याचा संभव असतो.

म्हणून दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत. जातीचे नाव काय? पूर्ण वाढल्यावर केवढा होतो? तेव्हा नर कसा दिसतो आणि मादी कशी? उत्तर मिळाले नाही तर मासा कितीही देखणा असो, घेऊ नये.

किती घ्यावेत?

इथे एक उलटा वाटणारा नियम आहे. म्बुना दोन-चारच ठेवले तर दांडगा नर एकाच दुबळ्या माशाच्या मागे लागतो. संख्या पुरेशी असली की त्याचा राग वाटला जातो. आमच्या मते यलो लॅब आठ आणि रस्टी आठ, किंवा एकट्या सौलोसीचे बारा ते पंधरा. लहानपणी नर-मादी ओळखता येत नाहीत, म्हणून एकाच मापाची पिल्ले घ्यावीत आणि मोठी झाल्यावर जास्तीचे नर काढावेत. एका नरामागे तीन-चार माद्या हे प्रमाण बरे पडते. एवढ्या संख्येला फिल्टर मात्र दमदार हवा आणि आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदललेच पाहिजे.

पाणी आणि खाणे

मलावीचे पाणी क्षारयुक्त, पीएच साधारण ७.८ ते ८.५. आपल्याकडे बोअरचे पाणी पुष्कळदा जड असते, ते यांना मानवते. मुंबईच्या नळाचे पाणी मात्र हलके. तिथे शहाबादी फरशीचे तुकडे स्वच्छ धुऊन वापरावेत. हा चुनखडीचा दगड हळूहळू पाण्याला जडपणा देतो. आपल्या काळ्या पाषाणाने पाण्यात फरक पडत नाही, पण कपारी करायला तो उत्तम. दगड तळकाचेवर पक्के बसवून मग वाळू घालावी, नाहीतर मासे उकरतात आणि रचना ढासळते.

टाकी भरल्याबरोबर मासे सोडू नयेत. माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जीवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. लोणचे मुरावे तशी टाकी मुरावी लागते. जास्त पीएचच्या पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो, म्हणून या माशांच्या बाबतीत घाई महागात पडते.

खाणे वनस्पतिजन्य हवे. स्पिरुलिनाचे दाणे, अधूनमधून उकडलेला पालक किंवा सोललेला वाटाणा द्यावा. दिवसातून दोनदा, तेही चिमूटभर. मांसल खाद्याचा मारा केला तर पोट फुगते, मासा खाणे सोडतो आणि बहुधा दगावतो.

पिल्ले झाली तर

हे सगळे जमले की एक दिवस एखादी मादी खाणे टाळते आणि तिचा गळा फुगलेला दिसतो. तिला आजारी समजू नये. तिने अंडी तोंडात धरलेली असतात. सुमारे तीन आठवडे ती जवळजवळ उपाशी राहून पिल्ले सांभाळते. हे पाहायला मुलांना जरूर बोलवावे.

पिल्ले आणि जास्तीचे नर यांची सोय आधी ठरवावी. ओळखीच्या हौशी माणसाला द्यावेत किंवा दुकानदाराला परत करावेत. नदीत, तलावात, विहिरीत कदापि सोडू नयेत. तिलापिया १९५२ साली आपल्या देशात आणली गेली आणि आज ती कितीतरी तलावांत देशी माशांची जागा खाऊन बसली आहे. दया म्हणून सोडलेला मासा दुसऱ्या जिवांच्या मुळावर येऊ शकतो.

तेव्हा पहिल्या दिवशी दुकानात जाताना पैसे घरी ठेवून जावे. माशांची नावे वहीत लिहून आणावीत, टाकीचे माप समोर ठेवून बसावे आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवावे. टाकी मुरेपर्यंत महिना-दीड महिना हातात असतोच.