तळपायांची आग आणि कोरडे डोळे

तळपायांची आग होते, बोटांना मुंग्या येतात, रात्री पायांवरचे पांघरूणही सोसवत नाही, अशी फिर्याद घेऊन पन्नाशीच्या आसपासची एखादी स्त्री डॉक्टरांकडे जाते, तेव्हा मधुमेह नाही, ब-१२ जीवनसत्त्व पुरेसे आहे आणि मज्जातंतूंच्या विद्युत्-तपासणीचा अहवालही निर्दोष आहे, एवढ्या आधारावर तिच्या दुखण्याचा निकाल ‘मनाचा ताण’ असा लावून दप्तर बंद करणे हा, माझ्या मते, उघड अन्याय आहे. कारण त्या तपासणीत केवळ जाड तंतूंचे कार्य मोजले जाते. वेदना आणि उष्णशीत यांची जाणीव वाहणारे सूक्ष्म तंतू तिच्या कक्षेतच येत नाहीत, आणि त्यांची हानी ताडून पाहण्यासाठी पायाच्या त्वचेचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो.

अशा हानीमागे कधी कधी डोळे व तोंड कोरडे पाडणारी शोग्रेन व्याधी दडलेली असते. स्वीडनमधील नेत्रवैद्य हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात डोळे कोरडे पडलेल्या १९ स्त्रियांचा तपशील मांडला, त्यांतील १३ जणींना संधिवातही असल्याचे दाखवले आणि ही सर्व शरीराची व्याधी आहे, असे प्रतिपादन केले. शरीराची संरक्षक यंत्रणाच अश्रू व लाळ निर्माण करणाऱ्या ग्रंथींवर उलटते, हे या व्याधीचे मूळ आता सर्वमान्य आहे. परंतु तोच हल्ला मज्जातंतूंपर्यंत पोहोचतो, याची दखल अद्याप पुरेशी घेतली जात नाही. कोणाचा अर्धा चेहरा बधिर होतो. कोणाच्या पाठीच्या कण्यालगतच्या संवेदी पेशींचा असा नाश होतो की, स्नायूंत बळ असूनही आपले पाऊल कोठे पडते आहे हेच कळेनासे होते आणि अंधारात, किंवा तोंड धुताना डोळे मिटताच, तोल जातो. नष्ट झालेल्या त्या पेशी पुन्हा उत्पन्न होत नाहीत. म्हणून येथे विलंबाची किंमत फार मोठी आहे.

खरी अडचण अशी की, मज्जातंतूंचा विकार पुष्कळदा कोरडेपणाच्या आधीच, कधी कधी कित्येक वर्षे आधी, प्रकट होतो. आणि कोरडेपणा असला तरी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे किंवा पाण्याच्या घोटाशिवाय भाकरी न उतरणे हे वयाच्या खाती जमा होते. संशोधनासाठी २०१६ साली ठरलेल्या या व्याधीच्या आंतरराष्ट्रीय निकषांतही अश्रू, लाळ, ओठातील ग्रंथी आणि या व्याधीत रक्तात आढळणारे ‘रो’ नावाचे प्रतिपिंड यांनाच गुण आहेत. मज्जातंतूंच्या विकाराला स्वतंत्र गुण नाही.

तेव्हा डॉक्टरमंडळींना माझी आग्रहाची विनंती आहे की, हातापायांची आग सांगणाऱ्या प्रत्येक रुग्णाला डोळ्यांविषयी आणि तोंडाच्या कोरडेपणाविषयी विचारावे. रो-प्रतिपिंड आढळले नाही तरी संशय बळकट असल्यास ओठातील ग्रंथीची तपासणी करावी. आणि वाचक भगिनींनो, मज्जातंतूंच्या तज्ज्ञाकडे जाताना डोळ्यांची व तोंडाची तक्रार क्षुल्लक मानून घरी ठेवून जाऊ नका. ती त्यांना अवश्य सांगा.