निमाडचा कापूस, महेश्वरची साडी



गेल्या अहिल्योत्सवात आपल्या मुली माहेश्वरी साड्या नेसून पालखीबरोबर चालल्या. परत आल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारले, “मॅडम, या साडीत आमच्या आजोबांचा कापूस असेल का हो?” तिच्या आजोबांची कसरावदजवळ चार एकर शेती आहे. मला ‘हो’ म्हणता आले नाही.

देवी अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसवले. तिथल्या मागांवर आजही रेशमाचा ताणा आणि सुताचा बाणा चालतो. पण हे बारीक सूत बहुतेक कोइंबतूरहून येते. महेश्वर ज्या खरगोन जिल्ह्यात आहे, तिथला कापूस मात्र मंडीतून जिनिंगला जातो आणि गाठी बांधून दूरच्या गिरण्यांत पोहोचतो. एकाच जिल्ह्यातले शेतकरी आणि विणकर, पण दोघांची गाठ पडत नाही.

आपल्या इंदूरला तर या विषयात मोठा वारसा आहे. आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवर अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात काम केले. संस्था कापसाच्या संशोधनासाठी होती, पण त्यांनी लक्ष घातले मातीत. कापसाच्या पऱ्हाट्या रस्त्यावर पसरायच्या, गाड्यांच्या चाकांखाली चुरडल्या की गुरांखाली अंथरायच्या, मग शेण, राख आणि गोठ्यातली माती मिसळून थर लावायचे. तीनेक महिन्यांत खत तयार. जगभर ही ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. आज त्याच पऱ्हाट्या अनेक शेतांत जाळल्या जातात.

मग शेतकरी सेंद्रिय शेतीकडे का वळत नाही? त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. निमाडातच २००७ पासून दोन्ही पद्धतींची शेजारी शेजारी तुलना झाली. त्याचे निकाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन वर्षांत सेंद्रिय कापूस २९ टक्के कमी आला. पुढच्या दोन वर्षांत रासायनिक शेतीचे पीक घटले आणि दोन्हीकडे कापूस सारखाच निघाला. खर्च कमी असल्यामुळे सर्व पिके मिळून सेंद्रिय शेतीत २५ टक्के जास्त पैसा हाती उरला. म्हणजे फायदा आहे, पण उशिरा. बियाण्याची उधारी आणि मुलांची फी डोक्यावर असताना चार एकरवाल्याने पहिली दोन वर्षे एकट्याने कशी काढायची?

माझ्या मते हा भार कापड घेणाऱ्यानेही उचलावा. शेतकऱ्याला व्याख्यान नको, पेरणीपूर्वी ठरलेला भाव आणि खात्रीचे गिऱ्हाईक हवे.

म्हणून एक सूचना मांडते. स्नेहसंमेलनात पाहुण्यांना आपण बाजारातली शाल देतो. त्याऐवजी निमाडच्या सेंद्रिय कापसाचे, तिथेच कातलेले आणि महेश्वरला विणलेले उपरणे द्यावे. हातसूत जाडेभरडे असेल, चालेल. मागणी पाऊस पडण्याआधी कळवावी आणि थोडी रक्कम आगाऊ द्यावी. सलग तीन वर्षे घेण्याचे वचन द्यावे, कारण एका वर्षाच्या हौसेवर कोणी शेती बदलत नाही.

हे महाग पडेल, हे आधीच सांगते. पुढच्या पालकसभेत विषय ठेवणार आहे. विरोध असेल तर तोही मोकळेपणाने मांडावा. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, तेव्हा भाषेची चूकभूल द्यावी घ्यावी. पण त्या मुलीला उत्तर देणे बाकी आहे.

— मुख्याध्यापिका