पहिली विजेची गाडी घेताना

सभासद बंधूंनो, उसाचे बिल जमा झाले की हल्ली घरोघर विजेच्या दुचाकीचा विषय निघतो. जरूर घ्यावी, पण आधी आपली रोजची फेरी मोजावी. नुसते घर ते शेत असेल तर २५० वॅटच्या आतली, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची गाडी पुरते. तिला लायसन, पासिंग लागत नाही. मात्र तिच्यावर युरियाचे ४५ किलोचे पोते अन् मागे कारभारीण बसवाल, तर काळ्या रानातून ढकलतच आणावी लागेल! औसा-लातूर रोज करणाऱ्याने पासिंगचीच गाडी बघावी. बॅटरी काढून घरात चार्जिंगला नेता येते का, हे आमच्या मते रंग-रूपाआधी पाहावे. दुरुस्तीवाला तालुक्याला आहे का, तेही विचारावे. बंद गाडी टेम्पोत घालून नांदेडला नेणे परवडत नाही.