तीस सेकंदांचा आकडा

कबड्डीत चढाईला ३० सेकंद मिळतात. विंगेट चाचणीही ३० सेकंदांचीच. १९७०च्या दशकात इस्रायलच्या विंगेट संस्थेत ती आकाराला आली. जागेवरची सायकल, वजनाच्या साडेसात टक्के भार, म्हणजे ७० किलोच्या पोराला सव्वापाच किलो, आणि जीव तोडून पेडल. भोसरीसारख्या कुस्ती-कबड्डीच्या गावात कुणालाही वाटेल, चढाईपटू निवडायला या चाचणीत निघणारा ताकदीचा आकडा पुरे. मला ते मान्य नाही.

लांब पल्ल्याचा दम मोजायला श्वासातला प्राणवायू मोजता येतो. पण विंगेट चाचणी जिचा अंदाज घेऊ पाहते, ती प्राणवायूविना मिळणारी ऊर्जा स्नायूतच तयार होते आणि तिथेच खर्च होते. आपण मोजतो पेडलवरची ताकद, ऊर्जेचा फक्त अंदाज बांधतो. त्या ३० सेकंदांतही साधारण पाचवा हिस्सा प्राणवायूच्या जोरावरचाच असतो. बोट टोचून रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे अशी ऊर्जा बनताना स्नायूत तयार होणारा पदार्थ, पाहिलं, तर कळतं ते वापरून उरलेलं. एकूण किती तयार झालं ते नाही.

चाकणच्या कारखान्यात नाईट शिफ्ट करून आलेल्या पोराला सकाळी नऊला सायकलवर बसवा. झोप नाही, पोटात चहा-वडापाव, वॉर्म-अप घाईचा. शिवाय ही ताकद सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त भरते, हे संशोधनात वारंवार दिसलं आहे. पुढच्या आठवड्यात तोच पोरगा फर्स्ट शिफ्ट करून, रात्रीची झोप घेऊन संध्याकाळी आला की आकडा चढू शकतो. त्याचं श्रेय सरावाला द्यायचं की झोपेला?

सायकल नाही म्हणून मैदानावर ३५ मीटरच्या सहा धावा घेतात, मध्ये १० सेकंद विश्रांती. कबड्डीला हे जास्त जवळचं, कारण चढाई एकदाच करायची नसते. पण स्टॉपवॉचवरचा अंगठा दोन दशांश सेकंद उशिरा पडला, तर ५ सेकंदांच्या धावेत ४ टक्के चूक होते. ताकद काढायच्या सूत्रात वेळेच्या घनाने भागायचं असल्यामुळे ताकदीचा आकडा तब्बल ११ टक्क्यांनी घसरतो. एवढ्या फरकावर पोरं संघातून गळतात.

प्रशिक्षकांना माझी विनंती आहे. निवडीच्या कागदावर वजन-उंचीशेजारी आदल्या रात्रीच्या शिफ्टचा रकाना वाढवा. चाचणी दिवसाच्या ठरावीक वेळेलाच, निदान दोनदा घ्या. आणि मॅटवर चांगला खेळणाऱ्या पोराला एका आकड्यावरून घरी पाठवू नका.