प्रक्षेप आणि प्रक्षेपण : घरच्या पडद्यावरील मूळ संहितेचा प्रश्न

मराठी समीक्षेत 'संहिता' या संकल्पनेविषयी गेल्या काही दशकांत पुष्कळ लिहिले गेले. परंतु संहिता सिद्ध करण्याच्या, म्हणजे पाठनिश्चितीच्या, व्यवहाराविषयी त्या मानाने फारच थोडे. संहितेचे अर्थ अनेक असतात, अर्थनिर्णयात लेखकाचा हेतू प्रमाण मानता येत नाही, ही विधाने आता पदव्युत्तर वर्गांतही सिद्धवत वावरतात. मात्र अर्थ लावायचा तो नेमक्या कोणत्या पाठाचा, हा त्याआधीचा प्रश्न अध्यापकवर्गाला जुनाट, पोथीनिष्ठ आणि काहीसा कारकुनी वाटतो. या उपेक्षेची किंमत काय असते हे पाहायचे असेल, तर ग्रंथालयातून थोडा वेळ बाहेर पडून, चाहत्यांनी पुनरुद्धार केलेला एखादा जुना चित्रपट घरच्या होम थिएटरवर लावला जातो त्या खोलीत डोकावणे इष्ट ठरेल. विद्यापीठीय समीक्षेने टाकून दिलेला प्रश्न तेथे प्रत्यक्ष व्यवहारात सोडवला जातो. आणि बहुधा समीक्षेपेक्षा अधिक गांभीर्याने सोडवला जातो.

या संदर्भात जॉर्ज ल्यूकस यांच्या 'स्टार वॉर्स'चे उदाहरण सर्वांत बोलके आहे. हा चित्रपट मे १९७७ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. १९८१ च्या पुनःप्रदर्शनात त्याच्या आरंभीच्या सरकत्या निवेदनाला भागाचा क्रमांक आणि उपशीर्षक जोडण्यात आले. १९९७ मध्ये 'विशेष आवृत्ती' आली. तीत संगणकनिर्मित प्राणी आणि वाहने आली, पूर्वी वगळलेला एक प्रसंग आला, आणि ज्या प्रसंगात हान सोलो हा नायक समोर बसलेल्या ग्रीडोला आधीच गोळी घालतो त्या प्रसंगात पहिली गोळी ग्रीडोच्या नावावर टाकण्यात आली. एका गोळीचा क्रम बदलताच पात्राचे नैतिक चरित्र बदलले. २००४, २०११ आणि २०१९ या वर्षांच्या आवृत्त्यांत आणखी फेरफार झाले. २००६ मध्ये १९७७ चा पाठ डीव्हीडीवर 'पुरवणी' म्हणून दिला गेला खरा. पण तो १९९३ साली लेसरडिस्कसाठी केलेल्या जुन्या चित्रांतरणावरून, मोठ्या पडद्यावर लावण्यास अपुऱ्या अशा दर्जात. मूळ ग्रंथाची झेरॉक्स परिशिष्टात छापावी आणि सुधारलेला ग्रंथ सोनेरी बांधणीत विकावा, तसा हा प्रकार झाला.

या पोकळीत चाहत्यांचे काम उभे राहिले. त्यातील दोन प्रकल्प पाठचिकित्सेच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहेत. 'डीस्पेशलाइज्ड एडिशन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतीत अधिकृत ब्लू-रे हा आधार धरून, त्यातील नंतरचे फेरफार एकेक करून काढले गेले आणि त्या जागी डीव्हीडी, जुन्या फिल्मप्रती व अन्य साधनांतून मिळालेली मूळ दृश्ये बसवली गेली. अनेक पोथ्यांतील पाठ निवडून एक संहिता सिद्ध करण्याची ही समुच्चयात्मक पद्धत होय. याउलट २०१८ मध्ये पुढे आलेल्या '४के७७' या प्रकल्पाने १९७७ ची एकच पस्तीस मिलिमीटर टेक्निकलर प्रत प्रमाण मानली, आणि चित्रपटाचा जवळजवळ सत्त्याण्णव टक्के भाग तिच्यावरूनच उतरवला. जोसेफ बेदिए याने पुरस्कारलेल्या 'एका उत्तम पोथी'च्या तत्त्वाचा हा नकळत केलेला अंगीकार आहे. ज्या वादाने युरोपीय पाठचिकित्सेची विसाव्या शतकातील किती तरी पाने व्यापली, तो वाद येथे हौशी मंडळींनी कोणत्याही परिभाषेविना, केवळ कामातून पुन्हा उभा केला आहे. विद्यापीठातील पंडितांनी या कामाकडे पाहून 'स्मरणरंजन' असा एक शब्द उच्चारावा आणि पुढे जावे, हे पांडित्याला शोभणारे नाही.

या प्रतींवर दोन दिशांनी आक्षेप घेतले जातात. दोन्ही तपासले पाहिजेत.

पहिला आक्षेप लेखकाच्या अधिकाराचा. कलाकृती निर्मात्याची असते, तिच्यात अखेरपर्यंत सुधारणा करण्याचा त्याला हक्क आहे, आणि त्याचा शेवटचा शब्द हाच प्रमाण होय, असे हा पक्ष मानतो. ग्रेग आणि बॉवर्स यांच्या परंपरेतील 'अंतिम लेखकहेतू'चे हे ढोबळ रूप आहे. पण या परंपरेने लेखकहेतू शोधला तो मुद्रक, लेखनिक आणि प्रकाशक यांनी केलेल्या भ्रष्ट पाठांतून लेखकाला सोडवण्यासाठी. लेखकाने स्वतःच प्रकाशित केलेला, लक्षावधींनी पाहिलेला पाठ लोकांच्या हातून काढून घ्यावा, असा त्या सिद्धांताचा अर्थ कधीच नव्हता. जेरोम मॅगन यांनी १९८३ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे संहिता ही केवळ लेखकाच्या मनात घडत नाही. प्रकाशन, वितरण आणि वाचन यांच्या सामाजिक व्यवहारात ती घडते. १९७७ चा 'स्टार वॉर्स' ही त्या व्यवहाराची निर्मिती आहे. त्यातील उणिवाही इतिहासाचा भाग आहेत.

येथे एक विसंगती नमूद करणे आवश्यक आहे. १९८८ मध्ये, कृष्णधवल चित्रपटांना रंग चढवण्याच्या व्यवहारावरून वाद पेटला असता, ल्यूकस यांनी स्वतः अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देऊन कलाकृतींत फेरफार करणाऱ्या हक्कधारकांविरुद्ध सांस्कृतिक वारशाची बाजू मांडली होती. १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतन करण्यायोग्य म्हणून पहिले पंचवीस चित्रपट निवडले गेले, त्यांत 'स्टार वॉर्स' होता. त्यानंतर आठच वर्षांत ती निवड ज्या पाठामुळे झाली तो पाठच मागे घेतला गेला. हक्कधारक आणि लेखक ही एकच व्यक्ती असली की वारशाचा युक्तिवाद संपुष्टात येतो काय, याचे उत्तर लेखकहेतूच्या कैवाऱ्यांनी द्यायला हवे. कायद्याची स्थितीही विचारात घेण्यासारखी आहे. भारतीय कॉपीराइट कायद्याचे सत्तावन्नावे कलम लेखकाला त्याच्या कृतीच्या विद्रूपीकरणाविरुद्ध संरक्षण देते. विद्रूपीकरण लेखकाच्याच हातून झाले तर वाचकाला दाद मागण्याची कोणतीही जागा त्यात नाही.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक, आणि म्हणून अधिक फसवा आहे. 'मूळ' असे काही नसतेच. प्रत्येक आवृत्ती ही एक संहिता, प्रत्येक संहिता समान. सबब मूळ प्रतीचा ध्यास हा उगमाच्या मिथकाचा अवशेष आहे, असे हा पक्ष सांगतो. ऐकायला हे मुक्तिदायी वाटते. परंतु सर्व पाठ समान आहेत असे म्हणण्यासाठी ते सर्व पाठ आधी उपलब्ध असावे लागतात. बाजारात एकच पाठ शिल्लक ठेवून पाठबहुलतेचे गोडवे गाणे म्हणजे दुकानात एकच वस्तू ठेवून ग्राहकाच्या निवडस्वातंत्र्याचे कौतुक करणे होय. लेखकाच्या मृत्यूची घोषणा करणारी समीक्षा येथे वस्तुतः हक्कधारकाच्या बाजूला जाऊन उभी राहते, आणि त्याची तिला जाणीवही नसते. भेद करायचा तर दोन गोष्टींत भेद असावा लागतो. ही साधी अट विसरून भेदाचे तत्त्वज्ञान उभे राहत नाही.

तथापि चाहत्यांची बाजू घ्यायची म्हणून त्यांचा दावा जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही. 'हाच खरा, मूळ चित्रपट' असे ते म्हणतात, तेव्हा तेही चुकतात. १९७७ मध्येच या चित्रपटाचे तीन वेगवेगळे ध्वनिमिश्रण होते : सत्तर मिलिमीटर प्रतींचे सहा मार्गांचे, पस्तीस मिलिमीटर प्रतींचे डॉल्बी स्टिरिओ, आणि साध्या चित्रपटगृहांसाठीचे मोनो. मोनो मिश्रणात काही संवाद असे आहेत की जे स्टिरिओत नाहीत. नायकाच्या काकूचा आवाजसुद्धा त्यात निराळा आहे. म्हणजे पहिल्याच वर्षी वेगवेगळ्या चित्रपटगृहांतील प्रेक्षकांनी वेगवेगळे पाठ ऐकले. शिवाय पडद्यावर लावण्याची प्रत ही निगेटिव्हपासून काही पिढ्या दूरची असते. तिच्यावरून घेतलेली प्रतिमा निगेटिव्हची साक्ष देत नाही, एका प्रतीची देते.

हा प्रश्न महाराष्ट्रातील अभ्यासकाला नवा वाटण्याचे कारण नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे त्याचे उत्तर आहे. व्यासांची स्वहस्तलिखित संहिता परत मिळवल्याचा दावा वि. स. सुखटणकरांनी केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे पोहोचता येईल तेवढे जुने रूप सिद्ध करणे, इतकेच उद्दिष्ट त्यांनी मानले. आणि जे प्रक्षिप्त ठरले ते नष्ट केले नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले. कोणता श्लोक कोणत्या पोथीत आहे हे वाचकाला पानाच्या तळाशी पाहता येते. त्याआधी साडेतीन शतके, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि पुढच्या कोणीही तीत आपली ओवी घालू नये असे बजावले. एकनाथ हे स्वतः समर्थ कवी होते. ज्ञानेश्वरी 'सुधारण्याची' क्षमता त्यांच्याइतकी क्वचितच कोणाकडे असेल. तो मोह त्यांनी आवरला, यातच त्यांच्या कार्याचे मोल आहे.

या कसोटीवर चाहत्यांच्या प्रती कुठे उतरतात? त्यांतील उत्तम प्रती बऱ्याच अंशी उतरतात. आधारसामग्री जाहीर केली जाते. '४के७७' तर चित्रातील फिल्मचे कण सौम्य केलेल्या आणि न केलेल्या अशा दोन रूपांत दिली गेली, म्हणजे पाठभेद लपवला गेला नाही. जेथे ही नोंद नसते, जेथे रंग केवळ आठवणीवरून ठरवले जातात आणि तरीही 'मूळ' ही मोहोर उमटवली जाते, तेथे चाहता हाही एक प्रक्षेपकर्ताच ठरतो. प्रेम हे पाठनिश्चितीचे साधन होऊ शकत नाही. फार तर तिची प्रेरणा होऊ शकते.

आता त्या खोलीकडे वळावे लागते, कारण पाठनिश्चितीचा शेवटचा टप्पा तेथे घडतो. छापील ग्रंथ उघडला की पाठ समोर असतो. चित्रपट मात्र यंत्राने प्रत्येक वेळी नव्याने घडवावा लागतो. आजचे अनेक दूरदर्शन संच चित्रगती गुळगुळीत करण्यासाठी सेकंदाला चोवीस चौकटींच्या मध्ये आपल्या हिशेबाने नव्या चौकटी रचून घालतात. याला प्रक्षेप याखेरीज दुसरे नाव नाही. कण पुसण्याची सोय चालू राहिली की टेक्निकलर प्रतीचा पोत जातो आणि चेहरे मेणाचे होतात. रुंद चौकटीचा चित्रपट पडदा भरण्यासाठी मोठा करून लावला की दोन्ही कडांची पात्रे गळतात. डॉल्बी स्टिरिओच्या दोन मार्गांत गुंफलेले चार मार्ग योग्य विसंकेतनाने उलगडण्याऐवजी ध्वनिवर्धक यंत्र स्वतःच्या कल्पनेने आवाज खोलीभर उधळते. चाहत्यांनी वर्षानुवर्षे खपून काढलेले प्रक्षेप कारखान्यातून आलेली मांडणी एका क्षणात परत घालते. या सोयींना पायबंद घालणारी 'फिल्ममेकर मोड' ही मांडणी २०१९ मध्ये उत्पादकांच्या संघटनेने जाहीर केली. पण ती निवडायची की नाही हे अखेर त्या खोलीत बसलेल्याच्या हाती आहे. तेव्हा घरचा प्रक्षेपक नीट जुळवणारा प्रेक्षक हा केवळ उपभोक्ता राहत नाही. तो त्या पाठाचा अखेरचा संपादक असतो. आस्वादाची चर्चा करणाऱ्या समीक्षेने या संपादकाची दखल घेतलेली नाही.

एक उलट उदाहरण पाहिल्यास तत्त्व अधिक स्पष्ट होईल. १९७५ च्या 'शोले'चा मूळ शेवट, ज्यात ठाकूर गब्बरला ठार करतो, परिनिरीक्षण मंडळाच्या आक्षेपामुळे बदलावा लागला. तो शेवट असलेली पुनरुद्धारित प्रत २०२५ मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात आणि नंतर भारतात दाखवली गेली. येथे दिग्दर्शकाचा हेतू पन्नास वर्षांनी पडद्यावर आला, याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ज्या शेवटासह 'शोले' अर्धशतकभर चित्रपटगृहांत पाहिला गेला, तो आता रद्द झाला असे म्हणता येईल काय? आणीबाणीच्या काळातील सत्तेने एका लोकप्रिय कथेला कसे वळवले याचा पुरावा त्याच पाठात आहे. हेतूचा पाठ आणि प्रकाशित पाठ, दोन्ही हवेत. एकाने दुसऱ्याला गिळू नये.

चाहत्यांच्या प्रती कायद्याच्या दृष्टीने अनधिकृत आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. पण अनधिकृत असणे आणि अप्रमाण असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाठचिकित्सेचा संबंध दुसऱ्या गोष्टीशी आहे. १९७७ चा पाठ पुनरुद्धारित स्वरूपात पुन्हा चित्रपटगृहांत आणण्याची घोषणा हक्कधारकांनी २०२५ मध्ये केली, आणि त्यासाठी पन्नासावे वर्ष, २०२७, निवडले. जो पाठ दशकानुदशके बाजूला सारला गेला, त्याला मागणी आहे हे तोवर चाहत्यांनी सिद्ध करून ठेवले होते. तरीही हक्कधारकाच्या औदार्याने प्रश्न मिटत नाही. आज जो पाठ मर्जीने परत मिळतो, तो उद्या मर्जीने पुन्हा काढून घेतला जाऊ शकतो.

संहितेला वाचकाधीन मानणाऱ्या समीक्षेपुढे म्हणून एक सोपी कसोटी आहे. लेखकाला नवी आवृत्ती काढण्याचा पूर्ण अधिकार आहे. आधीची आवृत्ती न-घडलेली ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. एवढे मान्य केले तर चित्रपटाच्या अभ्यासात कोणती प्रत, कोणत्या वर्षाची, कोणत्या ध्वनिमिश्रणाची आणि कोणत्या मांडणीवर पाहिली याची नोंद करणे हे प्रबंधलेखकाचे पहिले कर्तव्य ठरेल. ते मान्य नसेल, तर पदव्युत्तर वर्गांत लावले जाणारे सगळे सूक्ष्म अर्थ हे बाजाराने त्या वर्षी हाती दिलेल्या प्रतीचे अर्थ आहेत, इतके तरी प्रबंधाच्या पहिल्या पानावर छापावे.