सुवर्णरोखे मोडताना

केंद्र सरकारने नोव्हेंबर 2015 मध्ये सुवर्णरोख्यांचा पहिला हप्ता ग्रॅममागे 2,684 रुपये दराने विकला. गुंतवणूकदाराला दिलेला शब्द साधा होता: आठ वर्षांनी सोन्याच्या तेव्हाच्या भावाने पैसे परत, तोवर दर सहामाहीला व्याज आणि गरज पडलीच तर पाच वर्षांनंतर, व्याजाच्या तारखेला, रोखे मोडण्याची मुभा. नोव्हेंबर 2023 मध्ये या हप्त्याचे ग्रॅममागे 6,132 रुपये मिळाले. मुदतपूर्तीचा शब्द सरकारने पाळला. मुदतीआधी मोडण्याची वाट मात्र अजून अडचणीचीच आहे.

या वाटेकडे लोक वळतात, त्यामागे हिशेब आहे. ऑगस्ट 2020 मध्ये 5,334 रुपयांनी रोखे घेणाऱ्याला अडीच टक्के व्याज त्या मूळ रकमेवर मिळते, म्हणजे ग्रॅममागे वर्षाला सुमारे 133 रुपये. दरम्यान 2025 मध्ये सोने दहा ग्रॅमला लाखापलीकडे गेले. लाखाच्या त्या भावाशी ताडून पाहता हे व्याज सव्वा-दीड टक्क्यावर येते. शिवाय मुलीचे लग्न, शिक्षणाची फी, घरातले आजारपण आठ वर्षे थांबत नाही.

अशा माणसाने करायचे काय? रिझर्व्ह बँकेचे वेळापत्रक शोधायचे, आपला हप्ता कोणता ते ताडायचे आणि ठरलेल्या मुदतीत बँकेत, टपाल कार्यालयात किंवा डिमॅट खात्यामार्फत अर्ज द्यायचा. अर्ज देताना भाव ठाऊक नसतो. परतफेडीआधीच्या तीन कामकाजी दिवसांच्या भावाची सरासरी काढून तो नंतर ठरतो. अर्जाची मुदत हुकली की पुढची संधी थेट सहा महिन्यांनी. शेअर बाजारात रोखे विकता येतात, पण तिथे अनेक हप्त्यांना गिऱ्हाईक तुरळक असते.

मोठ्या गुंतवणूकदारांशी सरकारचा व्यवहार वेगळा असतो. मे 2024 मध्ये सरकारने आपलेच 40,000 कोटींचे कर्जरोखे मुदतीआधी परत घ्यायचे ठरवले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने लिलाव पुकारला. बँकांनी आपापला भाव सांगितला. तो सरकारला परवडला नाही आणि जेमतेम साडेदहा हजार कोटींचे रोखे परत घेतले गेले. बँकांना भाव सांगण्याचा अधिकार होता; साताऱ्यातल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेला साधी तारखेची आठवणही कुणी करून देत नाही, ही तफावत खुपणारी आहे.

त्याहून गंभीर बाब सोन्याच्या भावाची. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात सोन्यावरील आयात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आले आणि देशातला भाव त्याच दिवशी घसरला. अवघ्या पंधरवड्यात, 5 ऑगस्टला, 2016 चा एक हप्ता मुदतपूर्तीला येत होता. शुल्क कमी करण्याला तस्करी रोखण्यासारखी सबळ कारणे आहेत आणि त्या रोखेधारकांनाही घसघशीत नफा झालाच. तरीही देणेकरीच ज्या तराजूचा काटा हलवू शकतो, तिथे घेणेकऱ्याला अधिक संरक्षण हवे. आपल्याला सोयीची वेळ निवडून मोडण्याची मुभा हेच ते संरक्षण, आणि वर्षातून दोनच दिवस मिळणारी मुभा त्यासाठी तोकडी आहे.

सोन्याचा भाव चढत गेला तसा या रोख्यांचा बोजा सरकारला जड झाला. फेब्रुवारी 2024 नंतर नवा हप्ता निघालेला नाही. नवे कर्ज न काढण्याचा सरकारला अधिकार आहे. जुन्या रोख्यांची मुदत मात्र 2032 पर्यंत चालणार आहे. त्यातून जे लोक आज बाहेर पडू पाहतात, ते सरकारचे पुढचे अनिश्चित देणेच कमी करतात. मग त्यांची वाट अडचणीची ठेवण्यात तिजोरीचा तरी काय लाभ?

पाच वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक हप्त्यासाठी दरमहा एक परतफेडीचा दिवस ठेवावा. मुदतपूर्तीची सूचना महिनाभर आधी देण्याची पद्धत आहेच, तशीच सूचना मुदतपूर्व तारखेचीही मोबाइलवर, धारकाच्या भाषेत जावी. भाव जाहीर झाल्यावर अर्ज मागे घ्यायला एक दिवस मिळावा. रोखेधारकांची नोंद रिझर्व्ह बँकेकडे आहे; त्यामुळे येत्या सहामाहीचे वेळापत्रक काढतानाच हे बदल अमलात आणता येतील.